मधु चहा करत होता

या, असे पुढे सरकून बसा. मागच्या खांबाला टेकलात तर शब्द कानावर पडतील, पण पोटात उतरणार नाहीत, आणि ही गोष्ट पोटाचीच आहे. चामटोलीच्या हरिचंद्राची गोष्ट सांगतो. खरं म्हणजे सप्ताहाच्या त्या शेवटच्या दिवसांत त्याच्या डोक्यात जे ढवळत राहिलं त्याची. हिच्यात बंदूक आहे, पण ती छापलेली. फौज आहे, पण ती बटाटे सोलते. आणि देव आहे, तो उष्टी काढतो. एवढं चालत असेल तर मांडी घाला.

हरिचंद्र पलटणीतून निवृत्त होऊन आल्यापासून आनंदनगरच्या एका कंपनीत गेटवर सिक्युरिटी सुपरवायझर होता. त्या दुपारी पहिली पाळी संपवून मोटारसायकलवरून घरी निघाला होता. बदलापूरच्या अलीकडच्या नाक्यावर एक टँकर आडवा झाला म्हणून सगळे थांबले, आणि त्यानं सहज मान वर केली तर विजेच्या दोन खांबांमध्ये तो स्वतःच उभा होता. घराएवढा उंच. मागे बर्फाचे डोंगर, हातात काळी लांबलचक बंदूक, छातीवर काडतुसांचे पट्टे, जसे त्यानं सबंध नोकरीत कुणाच्याच अंगावर पाहिले नव्हते. ‘चामटोलीचा वाघ, सीमेवरचा शूरवीर हरिचंद्र यांचा काल्याच्या दिवशी भव्य सत्कार’, आणि खाली कोपऱ्यात हात जोडलेले गावचे पुढारी संतोषशेठ. चेहरा त्याचाच, कंपनीच्या ओळखपत्रावरचा; धड कुणा परदेशी शिपायाचं. मान जिथे जोडली होती तिथे रंग बदलत होता, वर चामटोलीच्या उन्हात रापलेला, खाली गुलाबी. बंदूकही डाव्या हातानं धरलेली. शेजारच्या रिक्षावाल्यानं एकदा वर पाहिलं, एकदा ह्याच्याकडे. ‘ओ फौजी, वर पण तुम्हीच, खाली पण तुम्हीच? मग टँकर हटवा ना, गोळी घाला एक!’ आणि तो खो खो हसला. हरिचंद्रही हसला. पण हात आपोआप मानेकडे गेला. तिथे, कॉलरच्या वर, कुणी धाग्यानं टाका घालावा तशी खाज उठली होती. घरी पोचेपर्यंत ती गेली नाही.

त्या धडाला वास नव्हता, हे त्याला मोटारसायकल लावताना सुचलं. त्याचं स्वतःचं धड पलटणीत कसं होतं? कांद्याच्या वासाचं. रॉकेलच्या, काजळीच्या, भिजलेल्या पोत्याच्या वासाचं. नवीन जवान पलटणीत दाखल झाला की त्याला आधी लंगरात पाठवतात, लंगर म्हणजे फौजेचं स्वैपाकघर, आणि ह्या कामाला म्हणतात फटीग. डोंगराएवढा बटाटा सोलायचा, टोपाच्या आत अर्धं शरीर घालून राखेनं टोप घासायचे, पाणी भरायचं, जेवणं झाली की लांबलचक टेबलं पुसायची. हरिचंद्र आणि मधु एकाच भरतीत लागलेले, एकाच गावचे, भिंतीला भिंत लागून घरं. लहानपणी आयांनी काम सांगितलं की दोघं नदीकडे पळायचे, आणि आता लंगरात, घरापासून इतक्या दूर, एका उलट्या डब्यावर तो आणि एका उलट्या डब्यावर मधु, मध्ये बटाटे. लंगरचा उस्ताद एक दाढीवाला हवालदार होता. तो साल उचलून उजेडाकडे धरायचा, आरपार दिसलं नाही की ओरडायचा, ‘ये छिलका है कि कंबल? ओढ के सोएगा क्या?’ मधु लगेच साल खांद्यावर पांघरून थंडीनं कुडकुडल्यासारखं करायचा. उस्ताद हसू दाबायला पाठ फिरवायचा, आणि शिक्षा म्हणून मधूच्या पुढ्यात आणखी एक पोतं ओतायचा. हरिचंद्राची बोटं बटाट्याच्या चिकानं काळी पडलेली असायची, ती कितीही धुतली तरी नखांच्या कडेला काळं राहायचंच. परेडच्या वेळी बंदुकीच्या दस्त्यावर तीच काळी बोटं. त्या फ्लेक्सवरच्या माणसाची नखं मात्र कशी, गुलाबी, टोकदार. कुणाचे हात होते ते?

‘अवो, पाहिलंत का नाक्यावर?’ कुंदा दारातच उभी होती. तिच्या चेहऱ्यावर असा आनंद त्यानं लग्नातही पाहिला नसेल. ‘सगळ्या बायका बोलतात, कुंदा, तुझा नवरा सिनेमातला वाटतो.’

‘ते धड माझं नाय.’

‘नसू दे ना. तोंड तुमचंच हाय.’ तिनं पाण्याचा तांब्या पुढे केला. ‘आणि ऐका, तिथे उगीच लंगर-बिंगर काढू नका. संतोषशेठ समर्थचं काम करतो बोललेत. पोरगा आयटीआय करून बसलाय घरी. शेठचा शब्द गेला की कंपनीत सोमवारी हजर.’

‘लंगर काढू नको म्हणजे?’

‘म्हणजे बटाटे सोलले, भांडी घासली. ते कोण ऐकायला येतंय? घासायला आम्ही हायेतच की.’ ती हसत म्हणाली, पण म्हणताना तिनं आपल्या हातांकडे पाहिलं, ओले होते ते. हरिचंद्रानं तांब्या तोंडाला लावला. त्याला वाटलं, मी हे लपवलं कधी? सुट्टीवर आलो तेव्हा पारावर सांगितलं, लग्नाच्या पंगतीत सांगितलं, कंपनीच्या गेटवर सांगितलं. दर वेळी ऐकणारा मान डोलवायचा आणि विचारायचा, ‘ते ठीक, पण फायरिंग किती केलंस?’ सांगितलेलं कुणी घेतलंच नाही, तर ते सांगितल्यासारखं होतं का?

संध्याकाळी देवळापुढच्या मंडपात कीर्तन होतं, काल्याच्या दोन दिवस आधीचं. मृदंग लागला, टाळकऱ्यांनी पाऊल धरलं, आणि बुवांनी हात वर केला की साऱ्या मंडपाचा श्वास एक व्हायचा. मी कीर्तनं पुष्कळ ऐकली, पण त्या बुवांच्या आवाजात दह्याची कवडी फुटावी तसा गोडवा होता. त्यांनी त्या दिवशी राजाच्या यज्ञाची कथा लावली. कुणी दानाचं काम घेतलं, कुणी पाहुण्यांच्या मानपानाचं, कुणी खजिन्याचं, आणि देवाला विचारलं, देवा तुम्ही काय करणार? देव म्हणाला, मी उष्ट्या पत्रावळी उचलीन. बुवा थांबले. कमरेला उपरणं बांधलं, वाकले, आणि नसलेल्या पत्रावळी एकेक उचलू लागले, अशा हळुवार, जणू प्रत्येकीत कुणाचं तरी बाळ झोपलंय. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. पहिल्या रांगेत संतोषशेठनं सोन्याची अंगठी घातलेल्या बोटानं डोळे पुसले, खरे पुसले, ढोंग नव्हतं त्यात. हरिचंद्रालाही रडू आलं, आणि रडता रडताच त्याच्या मनात आलं: देवानं उष्टं काढलं तर तुम्ही रडता. मधूनं काढलं तर तुम्ही काय केलंत?

कारण त्याला दिसत होती ती सगुणाबाई, मधूची आई. मंडपाच्या अगदी टोकाला, चपलांच्या ढिगाशी, गुडघे पोटाशी घेऊन बसलेली. दर वर्षी तिथेच बसायची. पोरगा तिरंग्यात गुंडाळून आला त्या दिवशी सारं गाव रस्त्यावर होतं, शाळेची पोरं झेंडे घेऊन उभी, घोषणा झाडांवर आपटून परत येत होत्या. मग कुणीतरी पेटीबरोबर आलेल्या जवानाला विचारलं, ‘गोळी कुठे लागली?’ तो जवान साधा होता. म्हणाला, ‘गोली नहीं. लंगर में था. स्टोव्ह फट गया.’ ते वाक्य गर्दीतून मागे मागे जाताना हरिचंद्रानं पाहिलं होतं. पेटीबरोबर तोही आला होता. वाऱ्यानं शेतातलं पीक वाकावं तशी माणसं एकमेकांच्या कानाशी वाकत गेली, आणि वाकलेली पुन्हा तितकीशी सरळ झाली नाहीत. घोषणा थांबल्या नाहीत, पण त्यांचा आवाज घरातल्यासारखा झाला. चितेपाशी कुणीतरी, फार वाईट मनानं नाही, म्हणालं, ‘बिचारा. भांडी घासताना गेला.’ भांडीही घासत नव्हता तो. चहा करत होता. वर, बर्फातल्या त्या चौकीवर, जिथे बटाटा दगड होतो आणि हातोड्यानं फोडावा लागतो, जिथे पाणी म्हणजे खोऱ्यानं तोडून टोपात टाकलेला बर्फ, तिथे मधूची लंगरची पाळी होती आणि हरिचंद्राची टेहळणीची. टेहळणीचे लोक परत येताना दिसले की खाली स्टोव्ह पेटायचा, म्हणजे पोचेपर्यंत चहा व्हायचा. तो चहा हरिचंद्रासाठी होता. उतारावरून त्याला आधी धूर दिसला, आणि त्याच्या गोठलेल्या जिभेला, देवाशप्पथ, आल्याची चव आली. त्याला वाटलं, मधूनं आज लवकर ठेवला चहा.

दुसऱ्या दिवशी त्यानं रजा टाकली आणि उल्हासनगरला गेला. राजूशेठ ह्या सिंधी माणसाचं फ्लेक्सचं दुकान त्याला ठाऊक होतं. तो वाघ तिथेच छापलेला. दुकानात शाईचा उग्र वास, यंत्रातून कुणाच्या तरी वाढदिवसाचे दात इंचाइंचानं बाहेर येत होते. हरिचंद्रानं पाकिटातून फोटो काढला. दोन पोरं, उलटे डबे, मध्ये बटाट्यांचा ढीग. एकाच्या खांद्यावर बटाट्याचं साल, शालीसारखं.

‘साईं, ये क्या है? शादी का कॅटरर?’

‘फौजी आहेत. हा मी आहे.’

राजूशेठनं चष्मा वर केला, फोटो पाहिला, मग ह्याला पाहिलं. ‘अरे, वो टायगर! साईं, तुमको तो मैंने खुद बनाया, पूरा दिन बैठके. पसंद नहीं आया? मसल कम लगा?’

‘हे छापायचं आहे. मोठं.’

‘छापतो ना. एक गन टाकू? साईड में, छोटी सी. फौजी है तो गन तो मंगता है. फ्री में देता हूँ, बर्फ भी.’

‘नको. छुरी आहे ना हातात, ती नीट दिसू दे.’

‘और ये दुसरा कोण? इसका भी सत्कार है?’

हरिचंद्रानं फोटोतल्या मधूवर बोट ठेवलं. यंत्र करकरत होतं. तो म्हणाला, ‘हो. ह्याचाच आहे.’ राजूशेठनं पडद्यावर चेहरा मोठा करत नेला, आणि मधूच्या गालावरची देवीच्या व्रणासारखी ती खळगी, जी हरिचंद्र विसरून गेला होता, हळूहळू वर आली. ‘साफ करू, साईं? दाग है.’ ‘हात नका लावू त्याला,’ हरिचंद्र इतक्या जोरात म्हणाला की दारातली माणसं वळली. परत येताना गुंडाळी खांद्यावर होती, आणि तिचं ओझं त्याला बरं वाटलं. पोतं वाहतात तसं वाहत होता. मान मात्र अजून खाजत होती.

काल्याच्या दिवशी सकाळी मंडप फुलून गेला. देवळाच्या मागच्या अंगाला ताडपत्रीखाली महाप्रसादाच्या चुली पेटल्या होत्या, आचारी टोपात वल्ह्यासारखा झारा फिरवत होता. हरिचंद्र साध्या सदऱ्यात आला, ताडपत्रीच्या बांबूंना आपला फ्लेक्स बांधला, एक डबा उलटा केला आणि बटाट्यांच्या ढिगापुढे बसला. ‘अहो फौजी, तुमचा सत्कार ना आज?’ आचारी म्हणाला. ‘हो, चाललाय तो,’ हरिचंद्र म्हणाला आणि छुरी हातात घेतली. पहिलं साल निघालं. त्यानं ते उचलून उजेडाकडे धरलं. आरपार दिसत होतं. आणि त्याच्या ध्यानात आलं की मान खाजायची थांबली आहे. धड परत जागेवर आलं होतं, कांद्याच्या वासासकट.

मंचावरून पुकारा झाला, शूरवीर हरिचंद्र यांनी यावं. पुन्हा झाला. मग संतोषशेठच आले, पांढरा कडक सदरा चुलीच्या धुरापासून जपत. ‘काय फौजी? वर खुर्ची ठेवलीय, आणि तू इकडं?’

‘फटीग आहे.’

‘काय आहे?’

‘ड्यूटी. बटाटे राहिलेत.’

संतोषशेठची नजर फ्लेक्सवर गेली. त्यावर हरिचंद्रानं सांगितलं तसं राजूशेठनं मोठ्या अक्षरांत छापलं होतं: मधु आणि हरिचंद्र, लंगर ड्यूटीवर. मधु चहा करताना गेला. शेठनं ते ओठ हलवत वाचलं. ‘आरं, लोक जेवायला बसणार हितं. आणि तू असलं लावलंस?’ पण ते चिडले नाहीत. माणूस वाईट नव्हता, फक्त त्याला प्रत्येक गोष्ट मोठी करून लावायची सवय होती. त्यांनी एक डबा ओढला आणि सदऱ्याची पर्वा न करता बसले. ‘हे बघ हरी, तुझं म्हणणं समजलं मना. मधु आपलाच होता, माझ्याबरोबर शाळेत होता. घेऊ त्याचं नाव, आत्ता, माईकवर. वेशीवर कमान बांधू त्याच्या नावानं, सिमेंटची, दिवे लावून. फक्त एक कर. पेटलेला स्टोव्ह उचलून त्यानं बाहेर फेकला, धा जण वाचले, असं बोल. बस. कोण बघायला गेलंय वर?’

माउली, हा खरा वाकडा क्षण. बंदुकीला नाही म्हणणं सोपं होतं. हरिचंद्राच्या डोळ्यांपुढे कमान उभी राहिली, संध्याकाळची, तिच्यावर मधूचं नाव, आणि तिच्याखालून सगुणाबाई भाजीची टोपली घेऊन येतेय, मान वर करून. एक वाक्य. मधूला काय फरक पडतो? तो तर म्हणेल, सांग रे, धा कशाला, वीस सांग. हरिचंद्राची छुरी थांबली. मग त्याला मधूच्या मानेवर तो टाका दिसला. वर खळगीचा गाल, खाली कुणाचं तरी धावणारं, पेटता स्टोव्ह उचलणारं धड. ते धड आलं की हे उलट्या डब्यावर बसलेलं जाणार. साल पांघरणारं जाणार. ज्यानं बर्फ तोडून त्याच्यासाठी आधण ठेवलं, ते जाणार. आणि ते गेलं की मधु दुसऱ्यांदा गेला, ह्या वेळी गावाच्या हातानं.

‘नाय, शेठ. त्यानं कुणाला वाचवलं नाय. तो चहा करत होता.’

‘त्यात काय सांगायचं?’

‘परवा देव पत्रावळ्या उचलत होता तेव्हा तुमी रडलात. त्यात काय होतं?’

संतोषशेठनं मंडपाकडे मान वळवली. मग त्यांना चपलांच्या बाजूनं येणारी सगुणाबाई दिसली. कुणीतरी तिला फ्लेक्सचं सांगितलं असावं. ‘आली बघ आयच. तिलाच विचारू. आये, तुझा मधु धा जणांना वाचवून गेला, असं सांगितलं तर चालंल ना?’

सगुणाबाई शेठच्या बाजूनं पुढे झाली. ती फ्लेक्सपाशी गेली आणि हात वर करून पोराच्या गालावरच्या खळगीवर बोट ठेवलं. ‘ही आंब्यावरून पडला तवाची,’ ती म्हणाली. मग खांद्यावरचं साल पाहून तिला हसू फुटलं, आणि कितीतरी वर्षांचं ते हसू असं खरखरत बाहेर आलं की आचाऱ्यानं झारा थांबवला. ‘मना ठावं हाय त्यो कं करीत व्हता. फोन केलेला त्यानं, खालच्या तळावरना. आये, बोलला, माज्या रोट्या आता तुज्यापक्षी गोल येतान. मी बोलली, गप मेल्या, येऊन दाखव.’ तिनं पदर तोंडाशी धरला. ‘त्या सांग, संतोष. गोल येत व्हत्या ते सांग. धा मानसं माजी नायत.’

पुन्हा पुकारा झाला. बुवा काल्याच्या कीर्तनाला उभे राहिले होते, मृदंगावर थाप पडत होती. हरिचंद्र उठला नाही. बसल्या बसल्याच त्यानं परेड मैदानावरचा आवाज लावला, जो गेटवर त्यानं कधी वापरला नव्हता, आणि तो आवाज ताडपत्री, देऊळ, मंडप ओलांडून गेला. ‘हरिचंद्र लंगरला हाजिर आहे! मधु पण!’

मृदंग थांबला. कुंदा पुढच्या रांगेतून वळून बघत होती, हे त्याला न पाहताही कळलं. समर्थची सोमवारची नोकरी धुरासारखी वर जाताना त्याला दिसली, आणि त्यानं ती जाऊ दिली. मग माईकवर बुवांचा तो दह्यासारखा आवाज आला, ‘कोण हो मधु?’

हरिचंद्रानं तोंड उघडलं, पण उत्तर त्याच्या आधी गेलं. देवळात कधी जोरात खोकलीही नव्हती ती बाई चुलींच्या मधून पुढे झाली, मंडपाच्या कडेला उभी राहिली, आणि सगळ्या गावाकडे तोंड करून म्हणाली, ‘माजा. चाय करीत व्हता.’

टाळ्या नाही पडल्या. कुणाला सुचल्याच नाहीत. बुवांनी कीर्तन सुरू केलं. थोड्या वेळानं हरिचंद्राला जाणवलं की आपल्या शेजारच्या डब्यावर कुणी बसलंय, कुंदा होती. ठेवणीतल्या साडीत, बांगड्या मागे सारून. ‘जाड काढताय साल,’ ती म्हणाली, डोळे लाल होते तिचे, रागानं की कशानं ते त्यानं विचारलं नाही. ‘आणा ती छुरी इकडे.’

समर्थला ती नोकरी मिळाली नाही. वेशीवर कमान नाही. नाक्यावरच्या वाघाच्या जागी आता कुण्या बिल्डरची इमारत उभी आहे, छापलेली. बटाट्यांचा फ्लेक्स मात्र देवळाच्या मागे आहे, डाळीचे डाग पडलेत त्याच्यावर, आणि सप्ताह आला की सगुणाबाई तो ओल्या फडक्यानं पुसते, चपलांपाशी बसत नाही. तेव्हा माझं एवढंच मागणं. कुठे पंगतीला बसाल, उठताना पत्रावळ तशीच टाकाल आणि कुणीतरी वाकून ती उचलेल, किंवा दमून घरी याल आणि दारातूनच आल्याचा वास येईल, तेव्हा घोट घ्यायच्या आधी जरा थांबा. सगुणाबाईच्या मधूची आठवण करा. तुम्ही उतारावर दिसलात, म्हणून त्यानं आधण ठेवलं होतं.